तेल चोळूनही टाचा का फुटतात? मॉइश्चरायझरमधील घटकांची गोष्ट



थंडी सुरू झाली की कोरड्या त्वचेच्या तक्रारी ओपीडीत वाढतात. मागच्या हिवाळ्यात एक आजी आल्या. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह बऱ्याच वर्षांचा. "डॉक्टर, रोज रात्री खोबरेल चोळते, तरी टाचा फुटायच्या काही थांबत नाहीत," त्या म्हणाल्या. दोन्ही टाचांना खोल भेगा होत्या आणि एका भेगेतून रक्त आले होते. सोबत आलेल्या सूनबाईंनी पिशवीतून तीन बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. एकीवर 'हायलुरोनिक अ‍ॅसिड' असे ठळक लिहिलेले, दुसरीवर 'सेरामाइड', तिसरीवर 'शंभर टक्के नैसर्गिक'. "यातलं नक्की कुठलं लावू यांना?"

प्रश्न सौंदर्याचा नव्हता. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, रक्तपुरवठाही अनेकदा कमी असतो. टाचेची भेग म्हणजे जंतूंना उघडे दार. तिथे संसर्ग झाला तर जखम चिघळते आणि पाय धोक्यात येऊ शकतो.

आजींचा प्रश्न साधा वाटतो: तेल लावूनही कातडी कोरडी का? पण त्याचे नेमके उत्तर माणसाला १९५२ साली मिळाले. त्याआधी जवळजवळ अठराशे वर्षे आपण क्रीम बनवत होतो, पण ते काम कसे करते हे ठाऊक नव्हते. आज बाटलीच्या मागे जी घटकांची यादी छापलेली असते, तिच्यातले प्रत्येक नाव या प्रवासात कुठली तरी अडचण सोडवायला आलेले आहे. हा प्रवास समजला की यादी वाचता येते आणि जाहिरातीतले कुठले शब्द सोडून द्यायचे तेही कळते.

पहिले कोल्ड क्रीम आणि शंभर वेळा धुतलेले तूप

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा नामवंत वैद्य होता. ऑलिव्हचे तेल, मधमाशांचे मेण आणि गुलाबपाणी घोटून केलेला एक लेप त्याच्या नावाने ओळखला जातो. अंगाला लावला की त्यातले पाणी उडून जायचे आणि गार वाटायचे, म्हणून ते 'कोल्ड क्रीम'. आज थंडीत आपण जे कोल्ड क्रीम घेतो त्याचा हा पूर्वज.

आपल्याकडे याच कल्पनेचा दुसरा अवतार होता. आयुर्वेदात दाहावर आणि भाजल्यावर 'शतधौत घृत' सांगितले आहे. तांब्याच्या भांड्यात गाईचे तूप पाण्याबरोबर घोटायचे, पाणी ओतून द्यायचे, पुन्हा नवे पाणी घ्यायचे. असे शंभर वेळा. शेवटी पांढरेशुभ्र, मऊ, लोण्यासारखे मलम तयार होते. घोटून घोटून तुपात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकवलेले असतात.

तेल आणि पाणी एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. तरी दोघांना एकत्र नांदवता येते, आणि त्याचे दोन प्रकार आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो. दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे थेंब. लोणी म्हणजे स्निग्धात अडकलेले पाण्याचे थेंब. बाजारातले लोशन बहुधा दुधाच्या जातीचे असते आणि घट्ट, तेलकट क्रीम लोण्याच्या जातीचे. निव्वळ मलम, ज्यात पाणी जवळजवळ नसतेच, ते तुपाच्या जातीचे. लोशन चटकन पसरते पण लवकर उडते. मलम चिकट वाटते पण टिकते.

गॅलेनच्या क्रीमला दोन दुखणी होती. काही दिवसांत तेल खवट व्हायचे, आणि ठेवून ठेवून पाणी वेगळे पडायचे. ही दोन दुखणी बरी करण्यात पुढची कित्येक शतके गेली.

लोकर, तेलविहीर आणि साबणाची कढई

मेंढीच्या लोकरीला एक पिवळसर, चिकट मेण असते. त्यामुळे पावसात मेंढी आतपर्यंत भिजत नाही. लोकर धुताना हे मेण निघते. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक ते औषध म्हणून वापरत. पण त्याला वास फार. १८८०च्या दशकात जर्मनीत ओटो ब्राउन आणि ऑस्कर लीब्राइख यांनी ते शुद्ध करण्याची रीत बसवली. लॅटिनमधल्या लोकर आणि तेल या शब्दांवरून त्याला नाव मिळाले लॅनोलिन. त्याचा खास गुण असा की ते भरपूर पाणी स्वतःत सामावून घेते. ओठांच्या बाममध्ये आणि स्तनपान करणाऱ्या आईच्या निपलला भेगा पडल्यावर लावायच्या मलमात ते आजही असते. काही लोकांना मात्र त्याची अ‍ॅलर्जी येते.

दुसरा घटक अगदीच अनपेक्षित ठिकाणी सापडला. १८५९ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागली. रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनशास्त्रज्ञ ती पाहायला गेला. पंपाच्या दांड्यांवर काळपट मेणासारखा थर साचायचा आणि यंत्रे अडायची. कामगार त्याला शिव्या देत, पण हात कापला किंवा भाजला की तोच थर जखमेवर चोपडत. चेसब्रोने तो थर घरी नेला, शुद्ध केला आणि १८७२ साली 'व्हॅसलीन' या नावाने पेटंट घेतले. हीच आपली पेट्रोलियम जेली.

तिने गॅलेनचे पहिले दुखणे बरे केले. पेट्रोलियम जेली खवट होत नाही. पाणी उडू न देण्यात आजही तिची बरोबरी करणारे घटक फार थोडे आहेत. "खनिज तेलापासून काढलेले म्हणजे विषारी" असे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. औषधी दर्जाची शुद्ध केलेली जेली त्वचेवर सुरक्षित आहे, आणि तिची अ‍ॅलर्जी इतकी दुर्मिळ आहे की अ‍ॅलर्जीच्या पॅच टेस्टमध्ये बरेचसे पदार्थ तिच्यातच मिसळून लावले जातात.

तिसरा घटक ग्लिसरीन. १७७९च्या सुमारास स्वीडनमधील कार्ल शीले याने ऑलिव्हचे तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर उकळले, तेव्हा एक गोड, दाट द्रव वेगळा झाला. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ शेव्हरल याने ग्रीकमधल्या 'गोड' या शब्दावरून त्याला नाव दिले. तेलापासून साबण करताना हाच द्रव मागे उरतो, म्हणून तो स्वस्तात मिळू लागला. ग्लिसरीन तेलकट नाही, पण ते पाणी धरून ठेवते. मिठाची बरणी पावसाळ्यात उघडी राहिली तर मीठ ओले होते, तसाच हा स्वभाव. आपल्या घरातल्या 'ग्लिसरीन-गुलाबपाण्या'त गुलाबपाण्याचा वाटा मोठा असतो तो उगीच नाही. ग्लिसरीनला धरायला पाणी लागते.

निळा डबा आणि मुंबईचा 'स्नो'

आता गॅलेनचे दुसरे दुखणे, म्हणजे पाणी वेगळे पडणे. त्याचे उत्तर हॅम्बुर्गमध्ये मिळाले. आयझॅक लिफ्शुट्झ या रसायनशास्त्रज्ञाने लोकरीच्या मेणापासून तेल-पाणी बांधून ठेवणारा 'युसेरिट' हा पदार्थ काढला. औषध कारखानदार ऑस्कर ट्रोप्लोविट्झ आणि त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांना त्याचे महत्त्व उमगले. १९११ साली त्यातून जे पांढरे क्रीम बाजारात आले त्याचे नाव निव्हिया, म्हणजे लॅटिनमध्ये 'हिमासारखी शुभ्र'. ते महिनोन्‌महिने तसेच राहायचे, फुटायचे नाही. तेल-पाण्याची अशी गाठ बांधणाऱ्या पदार्थाला इमल्सिफायर म्हणतात.

त्याच सुमारास आणखी एक जात लोकप्रिय झाली, ती म्हणजे 'स्नो' किंवा व्हॅनिशिंग क्रीम. यात पाणी पुष्कळ, थोडे ग्लिसरीन आणि स्टिअरिक अ‍ॅसिड नावाचे मेणचट आम्ल. चेहऱ्याला लावले की दिसेनासे होते. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' आणला आणि तो घराघरात पोहोचला. 'स्नो-पावडर करून तयार' हा मराठीतला शब्दप्रयोग त्याच काळातला. पण स्नो मुख्यतः चेहऱ्यावर पावडर बसावी म्हणून होता. स्निग्धांश कमी असल्याने कोरड्या त्वचेला त्याचा उपयोग मर्यादितच. आजही 'नॉन-स्टिकी' म्हणून विकली जाणारी बरीच हलकी क्रीम्स याच घराण्यातली आहेत.

बोस्टनमधला साधा प्रयोग

इथपर्यंत सगळ्यांची समजूत एकच होती: कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी झालेली त्वचा, म्हणून तेल लावा. आजींची समजूतही तीच.

१९५२ साली अमेरिकेतील बोस्टनमध्ये काम करणारे संशोधक आयर्विन ब्लँक यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी तळपायाच्या जाड, घट्टे पडलेल्या कातडीचे तुकडे घेतले. तुकडे वाळवले की ते कडक व्हायचे, वाकवले की मोडायचे. हे वाळलेले तुकडे तेलात आणि मलमात ठेवून पाहिले, तरी कडकच. मग तुकड्यांना पाणी मिळू दिले, तेव्हा ते मऊ झाले, वाकू लागले.

म्हणजे त्वचेला मऊ ठेवते ते पाणी. वरच्या थरातले पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेले की तो ठिसूळ होतो, आणि ठिसूळ वस्तू दाब पडला की तडकते. टाचेवर तर सगळ्या शरीराचा भार.

मग अठराशे वर्षे लावलेले तेल वाया गेले का? नाही. तेल पाणी देत नाही, पण असलेले पाणी उडू देत नाही. वाफाळत्या भातावर झाकण ठेवावे तसे. भात आधीच कोरडा झाला असेल तर झाकण ठेवून तो मऊ होणार नाही. आजी रात्री, कातडी पूर्ण वाळलेली असताना तेल चोळत होत्या. झाकण होते, आत पाणी नव्हते.

आता दिवाळीचे अभ्यंगस्नान आठवा. आधी तेल, मग ऊन पाणी, साबणाऐवजी उटणे. तेल पूर्ण धुऊन निघत नाही, ओल्या अंगावर त्याचा पातळ थर राहतो. कारण ठाऊक नसले तरी रीत चांगली होती.

विटा आणि सिमेंट

पुढचा प्रश्न असा की मुळात निरोगी त्वचा स्वतःचे पाणी कसे राखते? त्वचेचा सर्वात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. पूर्वी तो निव्वळ मृत पापुद्रा समजला जाई. १९७० आणि ८०च्या दशकांत सॅन फ्रान्सिस्कोचे पीटर इलायस आणि इतर संशोधकांनी त्याची रचना उलगडली. हा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. हे सिमेंट मुख्यतः तीन गोष्टींचे असते: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त फॅटी अ‍ॅसिड. सूनबाईंच्या दुसऱ्या बाटलीवरचा शब्द इथून आला.

विटांच्या आतही पाणी धरणारे पदार्थ असतात: अमिनो आम्ले, लॅक्टिक आम्लाचे क्षार, युरिया. त्यातला बराचसा भाग फिलाग्रिन या प्रथिनापासून बनतो. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील गटाने दाखवले की ज्यांच्या फिलाग्रिनच्या जनुकात दोष असतो त्यांना जन्मजात कोरडी, खवल्यांची त्वचा आणि एक्झिमा होण्याचा धोका जास्त असतो. एक्झिमा असलेल्या बाळाच्या आईला मी हे मुद्दाम सांगतो. तुमच्या खाण्यापिण्यात किंवा निगा राखण्यात काही चुकले म्हणून हे झालेले नाही. बाळाच्या भिंतीचा मालच थोडा कमी पडतो आहे, तो आपल्याला बाहेरून द्यायचा आहे. नियमित मॉइश्चरायझर लावल्याने एक्झिमा उलटण्याचे प्रमाण कमी होते आणि स्टिरॉइड मलम कमी लागते. मात्र जन्मापासून लावले तर एक्झिमा होणारच नाही, असे नाही. २०२० साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही.

युरियाची गोष्टही इथलीच. १९६८ साली स्वीडनचे गुन्नार स्वानबेक यांनी खवल्यांच्या त्वचेवर युरिया असलेले क्रीम वापरून त्याचा फायदा मांडला. युरिया पाणी धरतो आणि जास्त प्रमाणात असला तर जाड कातडी सैल करतो. म्हणून टाचांच्या क्रीममध्ये तो असतो.

हायलुरोनिक अ‍ॅसिड १९३४ साली बैलाच्या डोळ्यातून वेगळे केले गेले. तेही पाणी धरते. पण त्याचे मोठे रेणू त्वचेच्या वरच राहतात, आत शिरून सुरकुत्या भरत नाहीत. वर ओलावा धरण्याचे काम स्वस्त ग्लिसरीनही उत्तम करते.

पाणी आले की जंतू येतात

ज्या बाटलीत पाणी आहे तिथे बुरशी आणि जंतू वाढणार. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागते. 'प्रिझर्व्हेटिव्ह-विरहित' वाचून लगेच खूश होऊ नका. पाणी असलेले क्रीम त्याशिवाय टिकवणे अवघड असते. पण सगळी प्रिझर्व्हेटिव्ह सारखी नाहीत. पॅराबेनच्या भीतीने काही कंपन्यांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन वापरायला सुरुवात केली आणि अ‍ॅलर्जीचे रुग्ण इतके वाढले की युरोपात २०१७पासून अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये त्यावर बंदी आली. सुगंध हेही अ‍ॅलर्जीचे मोठे कारण आहे, मग तो नैसर्गिक असो वा कृत्रिम.

'नैसर्गिक' या शब्दाचेही तसेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात प्रौढांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्हचे तेल लावले, तेव्हा त्वचेची भिंत कमकुवत झाली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. उंदरांवरच्या अभ्यासात मोहरीच्या तेलानेही भिंतीचे नुकसान दिसले. म्हणून कोरड्या त्वचेच्या किंवा एक्झिमाच्या बाळाला मोहरी किंवा ऑलिव्ह नको. खोबरेल किंवा सूर्यफुलाचे तेल बरे. कोकणातले आमसुलाचे तेल घट्ट असते, ते टाचांवर आणि ओठांवर चांगले झाकण होते.

आता बाटली उलटी करून वाचा

घटक साधारणपणे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेले असतात. यादीत तीन कामे करणारे घटक शोधा.

• पाणी धरणारे: ग्लिसरीन, युरिया, सोडियम पीसीए, लॅक्टिक अ‍ॅसिड, हायलुरोनिक अ‍ॅसिड.
• झाकण घालणारे: पेट्रोलॅटम, लिक्विड पॅराफिन, लॅनोलिन, डायमेथिकोन, मेण.
• भिंत सांधणारे आणि गुळगुळीत करणारे: सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड, शिया किंवा कोकम बटर.

पहिल्या पाच-सहा नावांत ग्लिसरीन आणि एखादे झाकण दिसले तर क्रीम कामाचे आहे, किंमत काहीही असो. ज्या घटकाचे नाव बाटलीच्या पुढे मोठ्या अक्षरांत आहे तो मागे यादीच्या शेवटी असेल, तर तो जाहिरातीपुरता आहे असे समजा. 'सिटिल अल्कोहोल' किंवा 'सिटोस्टिअरिल अल्कोहोल' पाहून घाबरू नका. ते मेणासारखे असतात, स्पिरिटसारखे त्वचा कोरडी करत नाहीत.

आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे वेळ. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. टॉवेलने टिपायचे, घासायचे नाही. अंग ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम लावायचे.

आजींच्या टाचा

आजींची रक्त आलेली भेग आधी तपासली, संसर्ग नव्हता. उघड्या भेगेवर युरिया झोंबतो, म्हणून सुरुवातीला फक्त पेट्रोलियम जेली दिली. भेग मिटत आल्यावर अंघोळीनंतर ओलसर टाचेवर युरियाचे क्रीम, त्यावर जेलीचा पातळ थर आणि सुती मोजे. बोटांच्या बेचक्यांत काही लावायचे नाही, तिथे ओल राहिली की बुरशी होते. भेगा ब्लेडने कापायच्या नाहीत. मधुमेह असेल तर पाय गरम पाण्यात बुडवून बसायचे नाही, चटका बसलेला कळत नाही. घरात अनवाणी फिरायचे नाही.

सूनबाईंच्या तीन बाटल्यांपैकी सेरामाइडवाली मी हातापायांसाठी चालू ठेवायला सांगितली, कारण ती आणलीच होती आणि यादी चांगली होती. बाकी दोन नवीन आणू नका म्हटले. खोबरेलही बंद केले नाही. फक्त वेळ बदलली: रात्री कोरड्या पायांवर नको, अंघोळीनंतर ओल्या अंगावर.

महिन्याभराने आजी पुन्हा आल्या. चप्पल काढून त्यांनी स्वतःच टाच पुढे केली. "तेल तेच हो डॉक्टर, फक्त आता आधी पाणी," म्हणाल्या.

तुमच्या टाचांच्या भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, भोवती लाली किंवा सूज असेल, किंवा मधुमेह असून पायाला मुंग्या किंवा बधिरपणा जाणवत असेल, तर घरी प्रयोग करत थांबू नका. लगेच डॉक्टरांना पाय दाखवा. बाकी सगळ्यांनी आज घरातली क्रीमची बाटली उलटी करून एकदा वाचून पाहा.